मुचलक्यावरची सही

भातसानगर, ता. शहापूर, जि. ठाणे

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र पोहोचले. त्या मुलीशी परिचय झाल्यापासून तू चोरीचा मार्ग सोडलास, केवळ तिच्यासाठी सोडलास, आणि आता तिच्या वडिलांकडे शब्द टाकून, लग्न उरकताच कल्याणकडे, जिथे तुला कोणी ओळखत नाही अशा वस्तीत बिऱ्हाड करावे असा तुझा मनोदय आहे, हे वाचून मला मनापासून समाधान वाटले. परंतु त्याबरोबर चिंताही वाटली. कारण तुझ्या सद्वर्तनाचा सारा भार तू त्या पोरीच्या खांद्यावर ठेवला आहेस. उद्या तिने नकार दिला, अथवा लग्नानंतर एखादे दिवशी तुमचे बिनसले, तर तुझ्या हातांना आवर घालायला कोण उरणार?

न्यायालयाने तुला तुरुंगात न धाडता १९५८ च्या परिविक्षा कायद्यान्वये मुचलक्यावर सोडले. अशा रीतीने सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीपायी येणारी अपात्रता चिकटू नये, अशी तजवीज त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. म्हणजे सरकारने तुला दार बंद केलेले नाही. त्या मुचलक्यावर सही मात्र तुझी आहे, तिची नाही. वाल्या कोळ्याची कथा तू लहानपणापासून कीर्तनांत ऐकलीस. पापात वाटेकरी होण्यास त्याच्या बायकोने साफ नकार दिला, म्हणून श्रोते तिला निष्ठुर समजतात. मला तसे कधीच वाटले नाही. तिने तो वाटा उचलला असता तर वाल्या जन्मभर वाटमारीच करीत राहिला असता. आपले ओझे आपलेच आहे हे त्याला प्रथम तिच्यामुळे कळले.

तू लिहितोस की, माणसावर आधी कोणीतरी विश्वास टाकल्याखेरीज तो सुधारत नाही. यात तथ्य आहे, आणि त्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास, पोलंडमधून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या संमतीने, आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. तिथे गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी कोट आणि बेड्यांवाचून शेती कसू लागले, आणि पुढे तर बायकामुलांसह त्यांचे संसार तिथे नांदले. त्याच भागातले ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तिचा ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट केला, तो तू पाहिला असशील. परंतु तिथे विश्वास टाकणारे कोण होते, याचा विचार कर. ते एक संस्थान होते. एखादा कैदी पळाला असता तर टीका झाली असती, फार तर प्रयोग गुंडाळावा लागला असता. संस्थान बुडाले नसते. या मुलीजवळ पणाला लावायला तिचे एकुलते आयुष्य आहे. राज्यसत्तेने जो धोका पत्करावा तो एका विशीतल्या मुलीकडे मागणे मला न्याय्य वाटत नाही. शिवाय स्वतंत्रपुरात माणसाला प्रेमाबरोबर जमीन मिळाली, घाम गाळायला रोजचे काम मिळाले, आणि तो काल कोण होता हे साऱ्या वसाहतीला ठाऊक होते. यांपैकी एकही गोष्ट तुझ्या कल्याणच्या बेतात नाही. जिथे तू चोर होतास हे कोणाला माहीत नाही, तिथे तू चोरी सोडलीस हेही कोणाला कळणार नाही. आणि ती मात्र कोणी ओळखीचे भेटेल या धास्तीत दिवस काढील.

म्हणून माझे ऐक. तू ज्यांच्या पाण्याच्या मोटारी उचलल्यास ते शेतकरी याच तालुक्यातले आहेत. आपल्या धरणांचे पाणी मुंबई पिते आणि चैत्र-वैशाखात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. अशा मुलखात उन्हाळी भाताला पाणी चालू असताना मोटार गेली म्हणजे काय होते, हे मी पाहिले आहे. तू आतले तांबे भंगारात विकून थोडेसे पैसे केलेस. त्या माणसाचे मात्र पोटरीला आलेले पीक आठ-दहा दिवसांत करपले. पंचनाम्यात मोटारीची किंमत लिहिली गेली, पिकाची कोणी लिहिली नाही. अशा प्रकरणात भरपाई देवविण्याचा अधिकार न्यायालयाला असतो; तुझ्या बाबतीत तसा हुकूम झाला नाही, म्हणून देणे फिटले असे समजू नकोस.

मोटार उघडायची आणि तांबे सोडवायचे कसब तुझ्या बोटांत आहे. तेच तांबे पुन्हा भरायला शीक. शहापुरात मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराशी मी बोललो आहे. तुझे सर्व प्रकरण त्याला सांगितले आहे, काही झाकून ठेवलेले नाही. पगार आरंभी बेताचा राहील. त्यातून दरमहा काही रक्कम त्या शेतकऱ्यांना पोहोचव, आणि ती स्वतः जाऊन दे, दुसऱ्याच्या हाती धाडू नकोस. ते कदाचित ओटीवरही घेणार नाहीत, चार शब्द सुनावतील. ते ऐकून घे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

त्या मुलीला आजवरचे सारे तू स्वतः सांग, बाहेरून तिच्या कानी जाण्यापूर्वी सांग. आणि सांगताना ‘तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा बिघडेन’ असे चुकूनही तोंडातून काढू नकोस, कारण ती विनवणी नव्हे, धमकी आहे. तिला विचाराला हवी तितकी मुदत दे. ती थांबायला तयार झाली तर मला आनंदच होईल. न झाली तरी कारागिराकडे वेळेवर जात जा.

येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने इकडे ये. ज्याचे पीक गेले त्या पहिल्या शेतकऱ्याकडे आपण दोघे जाऊ. बोलायचे तू, मी नुसता बरोबर असेन. तिच्या वडिलांकडे शब्द टाकायलाही मी येईन, पण ते या देण्याला सुरुवात झाल्यावर. तुझी मामी तुझी फार आठवण काढते. जेवायला थांबण्याच्या बेताने ये. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा