भिंतीवरचा सांगवीकर

कारंजा (घाडगे)

चि. निखिल यास,


तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी एसटी स्टँडमागच्या भिंतीवर ‘कोसला’च्या नायकाचं नाव दिसलं. बोअरवेलच्या जाहिराती, बदामातली जोडपी, मागच्या निवडणुकीचा उडालेला रंग आणि या सगळ्यात काळ्या ऑइलपेंटने, नीट ओळीत लिहिलेलं: पांडुरंग सांगवीकर. खाली कोणीतरी खडूने विचारलंय, ‘कोन्या गावचा?’ ‘कोसला’वर इतकी चोख समीक्षा मी दुसरी वाचलेली नाही.

‘कोसला’ वाचून भिंत रंगवणारा हा कारंज्यातला कोण, याचा अंदाज मी अजून बांधतोच आहे. पण आठवलास तू. ‘पुण्यात मन लागत नाही, विषय राहिलेत, सगळं फालतू वाटतं’ म्हणालास ना, ती भाषा माझ्या ओळखीची आहे. आमच्या वसतिगृहात अर्धी पोरं सांगवीकर झाली होती. तसंच बोलायची, तशाच दांड्या मारायची. नेमाड्यांनी १९६३ साली, पंचविशीत, ती कादंबरी लिहून पुरी केली होती, हे मात्र कोणी मनावर घेत नसे. दांड्या मारून ‘कोसला’ होत नाही बाप्पा, बसून लिहावी लागते.

पुस्तक टाकून दे, असं म्हणत नाही. उलट पुन्हा वाच. पण या खेपेला मनीच्या मरणाची पानं सावकाश वाच. देवीच्या आजारात धाकटी बहीण जाते, आणि तोवर साऱ्या जगाची टिंगल करणारा हा पोरगा पार उघडा पडतो. सॅलिंजरच्या कादंबरीतला होल्डन (१९५१) त्याच्याच जातकुळीतला. सगळ्यांना ढोंगी म्हणत न्यूयॉर्कभर हिंडतो, आणि बहिणीच्या शाळेत भिंतीवर शिवी दिसली की लहान पोरांनी वाचू नये म्हणून हाताने पुसतो. यांचा कंटाळा तेवढा आपली पोरं उचलतात, ही माया तिथेच ठेवतात.

आता तुझ्या बाबांचं. सांगवीकराचं वडिलांशी जमत नाही, ते ठीक. तुझं तसं काही नाही. यंदा बागेत आंबिया बहाराची फळं बरीच गळली. बाग व्यापाऱ्याला दिली तेव्हा इसाराच्या नोटा मोजताना त्यांनी तुझी फी आधी वेगळी काढली, रबर लावून खिशात ठेवली, मग मजुरांचा हिशेब केला. मी समोर बसलो होतो.

तेव्हा विषय राहिल्याचं त्यांना तूच सांग, माझ्या तोंडून नको. रागावतील, दोन दिवस बोलणार नाहीत, ताईजवळ माझाही उद्धार करतील. करू दे. पुणं सोडायचं की नाही ते नंतर बघू. सोडायचंच असेल, तर राहिलेले विषय काढ आणि मग सोड.

रविवारी सकाळी ते घरीच असतात, तेव्हा फोन कर. कोणकोणते विषय राहिलेत तेही मला लिही. गणित असेल, तर इथे एक निवृत्त मास्तर आहेत, दिवाळीच्या सुटीसाठी त्यांच्याशी बोलून ठेवतो.

तुझा
मामा