सुट्टी, समुद्र आणि पंचांग

विश्रांतीचे स्थळ निवडताना आपण अंतर पाहतो, खर्च पाहतो. तिथी पाहत नाही. मीही पाहिली नव्हती. आईला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा घालायची होती. अमावास्येला भर दुपारी पोहोचलो, तो खडकांतली वाट उधाणाच्या पाण्याखाली! ओहोटी सायंकाळी, आणि परतीची एस. टी. त्याआधी. आई काहीच बोलली नाही, याचेच अधिक वाईट वाटले.

कोळ्यांचा हिशेब साधा आहे : तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला ३ वाजता भरती. म्हणजे सकाळी ९ च्या सुमारास ओहोटी. पोरेबाळे बरोबर असतील तर अष्टमीच्या आसपासचा भांग बरा.

रजा आणि तिथी जुळत नसतील तर वाईजवळचे मेणवली गाठावे. नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, आणि नदीला भरती नाही. पुढच्या सुट्टीत आईला तिथे नेले. गुडघे दुखतात म्हणून ती वरच्याच पायरीवर बसली; दोन तास उठली नाही.