ताप उतरला, पण त्राण का येत नाही?



ताप चार-पाच दिवसांत उतरतो. पण दोन महिने झाले तरी अंग मोडून येतं, जिना चढताना धाप लागते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया, कोरोना किंवा साधा फ्लू झाल्यानंतर कोल्हापूरच्या वस्त्यांमध्ये अशी माणसं आम्हाला नेहमी भेटतात. दवाखान्यात त्यांना सांगितलेलं असतं, "मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका." घरात ऐकवलेलं असतं, "नाटकं आहेत." मग बाई उसने पैसे काढून सलाईन लावून घेते, नाहीतर सासू तिला देवऋष्याकडे नेते.

अशा दुखण्यात मनाचा वाटा असू शकतो, पण तेवढ्यानं ते खोटं ठरत नाही.

१९५७ साली आशियाई फ्लूची साथ आली. अमेरिकेत काही नोकरदारांची मानसिक चाचणी साथीच्या आधीच घेऊन ठेवलेली होती. पुढे त्यांच्यातल्या काहींना फ्लू झाला. तीन आठवड्यांनीही ज्यांना बरं वाटत नव्हतं, ते आधीच्या चाचणीत उदासीकडे झुकलेले होते. त्यांचा मूळ आजार मात्र इतरांपेक्षा जास्त नव्हता. २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी कोरोनाबद्दल असाच अभ्यास मांडला. त्यात नर्सेस मोठ्या संख्येनं होत्या. लागण होण्याआधीच उदासी, चिंता, एकटेपणा किंवा ताण असलेल्यांना लांबलेल्या कोरोनाचा धोका ३२ ते ४६ टक्के जास्त दिसला. पण असा कोणताही त्रास नसलेल्या अनेकांचाही आजार रेंगाळला. म्हणून सगळं खापर मनावर फोडता येत नाही.

आणि हा ताण येतो कुठून? चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा एक खाडा झाला की पगार कापला जातो. बचतगटाचा हप्ता थांबत नाही. २०२१ च्या लाटेत अनेकांना आपल्या माणसाचं तोंडही शेवटचं पाहता आलं नाही. अशा माणसाला 'मन घट्ट कर' म्हणणं सोपं असतं.

मन शरीरावर काम कसं करतं, तेही बघा. भीतीनं श्वास भरभर होतो, त्यामुळे हातापायाला मुंग्या येतात, चक्कर येते आणि भीती आणखी वाढते. झोप मोडली की तेच दुखणं जास्त बोचतं. दिवसातून दहा वेळा बोटाला ऑक्सिमीटर लावणारेही आम्ही पाहिलेत. आणि आमच्या भगिनींची एक खोड: जरा बरं वाटलं की कामाची उरलीसुरली कसर त्याच दिवशी काढायची. घरातल्या सगळ्या वाकळा पंचगंगेवर नेऊन धुतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतात.

कोणी 'मनाचं आहे' म्हणालं, तर आधी विचारा, तपासण्या झाल्या का? रक्त कमी असणं आपल्या बायकांत फार आढळतं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड बघून घ्या. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची टीबीची तपासणी करा. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, वजन उतरणं किंवा पुन्हा ताप येणं, यांत थांबू नका. चिकुनगुनियाची सांधेदुखी महिनोन्‌महिने राहू शकते, कारण सांध्यांना खरोखरच सूज असते. त्यावर कुणाकडूनही 'ताकदीचं' इंजेक्शन घेऊ नका. त्यात स्टिरॉइड असू शकतं.

तपासण्या ठीक आल्या, तर कामाचे तुकडे पाडा. दहा मिनिटं काम, मग बसणं. दुसऱ्या दिवशी त्रास वाढला नाही तरच हळूहळू वाढवा. वाढला तर मागे या, जोर करू नका. रोज एकाच वेळी झोपा, दुपारनंतर चहा बंद. आनापान येत असेल तर घरीच थोडा वेळ बसा, पण आजारातून उठल्याबरोबर दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नका. पाणी भरणं आणि वाकळा धुणं काही महिने घरातल्या पुरुषांनी करावं.

दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर सीपीआरच्या मनोविकार विभागात केसपेपर काढा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि एकटं राहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.