मातीविना शेती

माती ही पिकाची माता मानली जाते. तथापि माती वनस्पतीला काय देते, याचा विचार केल्यास चार गोष्टी आढळतात : उभे राहण्यास आधार, पाणी, पोषक क्षार आणि मुळांना लागणारी हवा. या चारही गोष्टी अन्य मार्गाने पुरवता आल्या, तर पीक मातीविनाही वाढते. १८६० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ युलियस फॉन झाक्स यांनी क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवून हे दाखवले. पुढे अमेरिकेत विल्यम गेरिक यांनी या पद्धतीने पिके घेतली व १९३७ साली तिला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव मिळाले. मराठीत तिला जलशेती म्हणता येईल.

चेन्नईसारख्या महानगरात या पद्धतीचे महत्त्व सहज ध्यानात येते. २०१९ च्या उन्हाळ्यात तेथील जलाशय आटले आणि जुलैमध्ये जोलारपेट्टईहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जलशेतीत पाणी जमिनीत मुरून जात नाही. मुळांना भिजवून परतलेले पाणी पुन्हा वापरता येते. म्हणूनच पालक, पुदिना यांसारख्या भाज्या घरातही थोड्या पाण्यात पिकतात.

ब्लूबेरी मात्र शेतकऱ्याची परीक्षा पाहते. हे लहान, निळसर जांभळे फळ मूळचे उत्तर अमेरिकेतले. त्याला आम्लयुक्त माती लागते, हे फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली दाखवून दिले. आम्लता ज्या मापाने मोजतात त्याला सामू म्हणतात. सामू ७ पेक्षा जितका कमी, तितकी आम्लता अधिक. ब्लूबेरीला साधारण ४.५ ते ५.५ सामू मानवतो. कूपनलिकेचे जड पाणी तिला सोसत नाही. पावसाचे पाणी मृदू व किंचित आम्ल असल्याने अधिक सोयीचे. तामिळनाडूत २००३ साली इमारतींवर पर्जन्यजल साठवणे सक्तीचे झाले. ते पाणी येथे कामी येते. मुळांना आधार म्हणून नारळाच्या काथ्याचा धुतलेला भुसा वापरतात.

एवढ्याने भागत नाही. ब्लूबेरीच्या अनेक जातींना फुलण्यापूर्वी शेकडो तास कडक थंडी लागते, आणि चेन्नईत हिवाळा जवळजवळ नसतोच. त्यामुळे कमी थंडीवर फळणाऱ्या जातीच निवडाव्या लागतात. त्यांनाही उष्मा बाधू नये म्हणून खोली गार ठेवावी लागते आणि उन्हाऐवजी दिव्यांचा प्रखर प्रकाश द्यावा लागतो. घरात मधमाश्या नसतात; परागीभवनासाठी फुले हलक्या हाताने हलवावी लागतात.

या साऱ्याचा भार विजेवर पडतो. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा चक्रीवादळाने चेन्नईचा वीजपुरवठा विस्कळीत केला. अशा वेळी पंप थांबतो. काथ्याचा भुसा काही काळ ओल धरतो. परंतु केवळ नळीतील वाहत्या पाण्यावर जगणारी रोपे काही तासांतच माना टाकतात. जमिनीतल्या झाडाला मात्र खोलवरची ओल आधार देत राहते.

म्हणजेच जलशेतीत माती नाहीशी झाली, तरी तिचे काम नाहीसे होत नाही. ते माणसाच्या हाती येते. माती जे मुकाट्याने करते, ते त्याला रोज मोजून, तपासून करावे लागते. म्हणून नवशिक्याने आरंभ पालकापासून करावा आणि हात बसल्यावर ब्लूबेरीकडे वळावे.

स्वाध्याय
१. माती वनस्पतीला कोणत्या चार गोष्टी देते?
२. ब्लूबेरीला पावसाचे पाणी का मानवते?
३. ‘मातीचे काम माणसाच्या हाती येते’ हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.