घोडीच्या नसांसाठी रोजचे किती रुपये?

ग्वाल्हेरच्या किला गेटापासून किल्ल्यावर पायी चढायची वाट निघते. खाली हजिऱ्याकडे दाट वस्ती. चरायला जागा नाही. अशा ठिकाणी वरातीची घोडी पाळली की दावणीत पडतो गव्हाचा भुसा, कोंडा आणि भिजवलेले चणे. पोट भरतं, पण यात ई जीवनसत्त्व नावापुरतंच. ते असतं ताज्या हिरव्यात. चारा वाळवून साठवला की झपाट्याने घटतं. दीड-दोन वर्षं हिरव्यावाचून गेली की स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरू लागतात.

खूण ओळखा. भूक चांगली, तरी वजन उतरतं. उभ्या उभ्या चारही पाय पोटाखाली गोळा होतात, मांड्या थरथरतात, मान खाली जाते, घोडी सारखी आडवी पडते. मालक म्हणतो, वय झालं. पण थरथर दिसते तोवर साधारण 30 टक्के पेशी गेलेल्या असतात.

आता हिशेब. भाव मोसमाप्रमाणे हलतात, म्हणून आपल्या बाजाराचा आकडा घालून पाहा. 350 किलोच्या घोडीला रोज 350 युनिट ई लागतं, काम करणारीला 700 पर्यंत. हिवाळ्यात बरसीम मुबलक; किलोला 5 रुपये धरले तर 12 किलोचे 60 रुपये, आणि थोडा भुसा वाचतो तो वेगळा. उन्हाळ्यात हिरवं महागतं. तेव्हा माणसांच्या औषध दुकानातली 400 युनिटांची कॅप्सूल, साधारण 4 रुपयांची, रोज एक-दोन द्या: 4 ते 8 रुपये. माझ्या मते अख्ख्या खुराकात इतकं स्वस्त दुसरं काही नाही. किती द्यायच्या, ते मात्र डॉक्टरांना विचारून.

रोग जडल्यावर मात्रा रोज 5 हजार युनिटांच्या पुढे जाते. म्हणजे तेरा कॅप्सूल, 52 रुपये रोज, आणि हे महिनोन् महिने. नैसर्गिक ई अंगाला जास्त लागतं, पण बरंच महाग पडतं. एवढं करून सुमारे 40 टक्के जनावरंच सुधारतात. उपचाराआधी सर्रा हा रोग नाही ना, हे रक्त तपासून घ्या. त्यातही घोडी अशीच वाळते. सरकारी पशुवैद्यकासाठी 1962 ला फोन लावा, फी आधीच विचारा. दुकानदाराच्या सल्ल्याने ई-सेलेनियमचं इंजेक्शन मात्र टोचून घेऊ नका. सेलेनियम थोडं जास्त झालं तरी विष.

हिरवं म्हणजे सगळंच बरं असंही नाही. ज्वारीची हिरवी चरी घोड्याला सतत घातली तर मागचे पाय लटपटतात, लघवी नकळत गळत राहते. गाईम्हशी चरी खातात, म्हणून घोडीही खाईल हा हिशेब चुकतो. तिवडा, म्हणजे आपली लाखोळी, स्वस्त मिळाली तरी नको. तिने पायांबरोबर घशाच्या नसाही जातात आणि घोडी धावताना घोरते. बुरशी लागलेला मका तर सरळ फेका. त्यातलं विष मेंदू विरघळवतं, घोडी गोल फिरू लागते, आंधळी होते आणि बहुधा दोन-तीन दिवसांत मरते. त्यावर औषध नाही. पोत्यामागे वाचलेले शेदोनशे रुपये आणि हजारोंची घोडी, सौदा तुम्हीच जोखा.

थरथर दिसली की त्या दिवसापासून वरात बंद. भाडं बुडू द्या. मागचे पाय सुटलेली घोडी नवरदेवासकट कोसळते.