कमानीच्या पोटात काय आहे?

‘मेसनरी’ हे प्रकरण आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतो आणि पेपर संपला की विसरतो. पण या प्रकरणाची खरी परीक्षा महाराष्ट्रात एकदा झाली आहे. १९ जुलै १८६७ रोजी बोरघाटातला ‘म्हाऊ-की-मली’ हा रेल्वेचा व्हायाडक्ट कोसळला. त्यावरून गाड्या सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती!

दरीवरून कमानींच्या रांगेने रूळ नेणारा पूल म्हणजे व्हायाडक्ट. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. सुमारे २५ कि.मी. लांबी, ५५८ मीटर चढ, २५ बोगदे, ८ व्हायाडक्ट. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४२,००० हून अधिक मजूर होते. एवढा पसारा असूनही पूल पडला आणि त्याचा दोष निकृष्ट दगडी बांधकामावर आला.

आता थोडे गणित. कमान वजन पेलते ते दगडांना एकमेकांवर दाबून, त्यामुळे ती पायांना बाजूला रेटते. समजा गाळा १५ मीटर, कमानीची उंची ७.५ मीटर आणि भार मीटरला १०० किलोन्यूटन. आपले नेहमीचे सूत्र (भार × गाळ्याचा वर्ग ÷ (८ × उंची)) ढोबळमानाने लावले तर रेटा येतो ३७५ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ३८ टन. मधल्या खांबावर दोन्ही बाजूंचे रेटे एकमेकांना तोलतात. पण एक कमान गेली की शेजारच्या खांबाला एकाच बाजूचा रेटा बसतो आणि पत्त्यांसारखी रांग पडू शकते. म्हणून लांब व्हायाडक्टमध्ये काही कमानींनंतर एक जाडजूड खांब देण्याची पद्धत आहे.

खांब बाहेरून घडीव दगडाचा दिसतो. पोटात मात्र बहुधा डबर आणि चुन्याचा भराव असतो. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. जाड खांबाच्या पोटात हवा पोचायला फार काळ लागतो, तोवर चुना कच्चाच. वरून घाटातला पाऊस! सुर्खी घातलेला चुना हवेवाचूनही पाण्यात घट्ट होतो. म्हणजे दगड कितीही चांगला असो, जीव चुन्यात.

हे बघायचे कुठे? बोरघाटात पूर्वी गाडी रिव्हर्सिंग स्टेशनात जाऊन उलट दिशेने पुढचा चढ चढायची. नवा मार्ग झाल्यावर १९२९ मध्ये ते स्टेशन बंद पडले. त्या जुन्या मार्गाचे अवशेष खंडाळ्याजवळ आहेत. घाटातला दगडी अमृतांजन पूल मात्र एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला, तेव्हा स्टडी टूर फार लांबवू नका.

जाण्याआधी सराव दौलताबादलाच करता येईल. खडक दोन्हीकडे तोच, आपला काळा बेसाल्ट. किल्ल्याच्या तटाचे दर्शनी दगड जिथे निखळले असतील तिथे थांबा आणि वहीत नोंदवा: भराव कसा आहे, दर्शनी दगडाला आत गुंतवणारे लांब दगड आहेत का, सांध्यातला चुना अजून टिकून आहे का. पुलावर याखेरीज पाहा: पाणी बाहेर काढणारी भोके मोकळी आहेत का, भिंत पोट काढून फुगली आहे का, कमानीच्या माथ्याला तडा आहे का, पिंपळ रुजलाय का. फक्त बघायचे, टोकरायचे नाही. आणि चालू रुळांवर पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

दोन-चार वर्षांत आपल्यातले बरेच जण साइटवर असतील. मेजरमेंट बुकावर सही करायची वेळ येईल, तेव्हा बाहेरची बाजू छानच दिसेल. पोटातले काम दिसते ते फक्त भरले जाते त्या दिवशी. त्या दिवशी साइटवर हजर राहा, एवढेच हा पडलेला पूल सांगतो.