अकोल्याच्या डोंगरातील वरकस शेती : पीक, ताट आणि बियाणे

प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या पाण्यावर खालच्या भागात ऊस, कांदा पिकविणाऱ्या शेतकरी बंधूंपैकी थोड्यांनीच या नद्यांच्या उगमाचा मुलूख पाहिला असेल. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, सह्याद्रीची मुख्य रांग उभी आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) येथेच असून रतनगड व हरिश्चंद्रगडही याच तालुक्यात येतात. घाटघर, रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तोच पूर्वेला अकोले गावापर्यंत येता येता पाच-सहाशेवर येतो. एका तालुक्यात एवढा फरक असल्याने तेथे एकच शिफारस सर्वांना लागू पडत नाही.

पर्यटकांना हा भाग भंडारदऱ्याचे धरण (१९२६ मध्ये पूर्ण), रतनवाडीचे अमृतेश्वराचे दगडी मंदिर आणि पावसाळ्याच्या तोंडाशी झाडांवर लखलखणारे काजवे यांमुळे माहीत आहे. महादेव कोळी व ठाकर समाजाची ही वस्ती. सावकारी व इंग्रजी अमलाविरुद्ध उठाव करून १८४८ मध्ये फाशी गेलेले राघोजी भांगरे येथलेच. दिवाळीच्या सुरुवातीला येथे वाघबारस पाळतात व वाघदेवाला नैवेद्य दाखवितात. परंतु या मुलखाचा एक वारसा सहसा कोणी पाहायला जात नाही. तो म्हणजे डोंगरउतारावरील वरकस जमीन व तिच्यावरील पिकांचा फेर.

वरकस जमिनीचा फेर

येथील जमिनीचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. ओहोळाच्या कडेला बांध घालून केलेली भातखाचरे आणि त्यांच्या वरच्या अंगाची उथळ, हलकी, उताराची वरकस जमीन. खाचरात काळभात, जिरवेल, रायभोग, कोळपी असे भाताचे स्थानिक वाण घेतले जातात. वरकसावर पहिल्या वर्षी नागली (नाचणी), दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी (कारळा) आणि नंतर काही वर्षे जमीन पडीक, असा जुना क्रम होता.

हा क्रम अडाणीपणाचा नव्हे. राबाची राख व साठलेला पालापाचोळा यांचा कस ताजा असतो तेव्हा जास्त खाणारी नागली, कस उतरला की कमी मागणारी वरई आणि शेवटी जवळजवळ खताशिवाय येणारी खुरासणी. त्यानंतर गवत व झुडपे वाढून जमीन पुन्हा सावरते. आपण पिकांच्या फेरपालटाचे जे तत्त्व शिकवितो तेच हे, फक्त पुस्तकात लिहिलेले नव्हते.

आज हा फेर मोडला आहे. कुटुंबे वाढून वाटण्या झाल्या, त्यामुळे पडीक ठेवण्याची वर्षे कमी झाली. स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ व गहू मिळू लागल्यावर नागलीची लावणी, झोडणी आणि विशेषतः वरईचे कांडण हे कष्ट नकोसे वाटले. हे कष्ट बहुतांशी घरातील बायकांचे होते, हे विसरून चालणार नाही. ‘लोकांनी जुनी पिके सोडली’ अशी नुसती तक्रार करणाऱ्याने एकदा उखळात पायलीभर वरई कांडून पाहावी! मात्र वरकस सोडून दिले किंवा तेथे वर्षानुवर्षे उभी नांगरट केली, तर नुकसान केवळ डोंगरातील शेतकऱ्याचे होत नाही. धुपलेली माती खालच्या धरणांत येऊन बसते.

यावर उपाय अवघड नाहीत. नांगरट व लावणी उताराला आडवी करावी. ठरावीक अंतरावर दगडी ताल किंवा वाळ्याची ओळ ठेवावी. नागली फोकून पेरण्याऐवजी २१ ते २५ दिवसांची रोपे लावावीत. यामुळे बी कमी लागते व तण काढणे सोपे जाते. नागलीच्या दाट तंतुमुळांनी माती धरून ठेवली जाते.

राबाविषयी थोडे

रोपांसाठी शेण, पाला व झाडांच्या फांद्या अंथरून जमीन भाजणे म्हणजे राब. यामुळे तणाचे बी मरते व राख मिळते, म्हणून शेतकरी ही पद्धत सोडत नाहीत आणि त्यांचे कारण खरे आहे. परंतु त्यासाठी ऐनासारखी झाडे दर वर्षी खरडली जातात आणि भाजलेल्या थरातील सेंद्रिय भाग जळून जातो. त्याऐवजी एक मीटर रुंदीचे गादीवाफे करून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. भाताच्या रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळावी. ती राख सिलिका पुरविते व रोपे कणखर होतात. तणासाठी मात्र एक खुरपणी जादा धरावी लागेल.

ताटातील नागली

नागलीची भाकरी, आंबील, वरईचा भात, हुलग्याचे माडगे, खुरासणीची चटणी आणि पावसाळ्यात कुरडू, भारंगी, कोळू, चाईचा मोहोर व करटुली या रानभाज्या, असे हे ताट आहे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते दहाच्या आसपास भरते. म्हणजे बाळंतीण व वाढत्या मुलांच्या ताटातून नागली गेली तर तिची जागा तांदूळ घेऊ शकत नाही. नागली भिजवून मोड आणून, सावलीत वाळवून दळल्यास लहान मुलांसाठी उत्तम सत्त्व होते.

वरईची गोष्ट थोडी निराळी. डोंगरातला शेतकरी ती कोंड्यासकट विकतो आणि गिरणीत साफ झालेली तीच वरई शहरात उपवासाची भगर म्हणून चढ्या भावाने जाते. आता मळणी व कोंडा काढण्याची लहान यंत्रे उपलब्ध आहेत. एका कुटुंबाला ती परवडणार नाहीत, परंतु बचत गटाने मिळून घेतल्यास बायकांचे कांडण वाचते आणि नफ्याचा मधला वाटा गावात राहतो.

बियाणे : मूठभर, पण दर वर्षी

पीक दोन-चार वर्षे पेरले नाही की बियाण्याची उगवणशक्ती जाते आणि त्या गावचा वाण संपतो. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक वाणांची बीजबँक उभी केली व २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे काम प्रत्येक गावात होण्यासारखे आहे. सन २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्यास आपले बियाणे राखण्याचा, देवघेवीचा व छापील नाममुद्रेशिवाय विकण्याचा हक्क आहे.

नागलीला लावणीसाठी हेक्टरी चार ते पाच किलोच बी लागते. म्हणजे दहा गुंठ्यांना अर्धा किलो पुरे. ‘फुले नाचणी’सारखे सुधारित वाण जरूर घ्यावेत, पण एका कोपऱ्यात घरचा वाण चालू ठेवावा. पीक उभे असतानाच शेताच्या मध्यभागातील, करपा न पडलेल्या झाडांची शंभर-सव्वाशे भरलेली कणसे खूण करून वेगळी काढावीत. बांधाकडेची घेऊ नयेत. वाण एकसारखा दिसावा म्हणून फार काटेकोर निवडही करू नये, कारण थोडे लवकर व थोडे उशिरा येणारे दाणे एकत्र असणे हीच लहरी पावसात या वाणांची ताकद आहे. कणसे उन्हात चांगली वाळवून, हाताने मळून, बी राखेत मिसळून झाकणाच्या मडक्यात ठेवावे.

भाताचे बी पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत व तळाचे बी दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.

खुरासणीचे परागीभवन मधमाश्या करतात. त्यामुळे दोन वाणांचे बी राखायचे असल्यास ती एकमेकांपासून दूर पेरावीत.

मे महिन्यात मडके उघडून नागलीचे शंभर दाणे मोजावेत व ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. पाच-सहा दिवसांत पंचाहत्तरपेक्षा कमी दाण्यांना मोड आले, तर रोपवाटिकेत त्या प्रमाणात बी जास्त टाकावे किंवा रोहिणी निघण्यापूर्वी शेजारच्या वाडीत तोच वाण असणाऱ्याकडून पसाभर बी मागून आणावे.